पोस्टाने आलेला रस्ता

उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मी वर्गात नेहमी एकच प्रश्न विचारते, "काय रे, सुट्टीत कोण कुठं जाणार?" मग काय, नुसता गलका! कुणी मामाच्या गावाला, कुणी आत्याच्या लग्नाला, तर कुणी आजीबरोबर पंढरपूरला. गेल्या वर्षी मात्र चौथीच्या मुलांनी मलाच विचारलं, "बाई, तुम्ही कुठं जाणार?"

"साबाला," मी म्हटलं.

"साबणाला?" पहिल्या बाकावरून कुणीतरी ओरडलं आणि सगळा वर्ग खो खो हसत सुटला.

फक्त एक जण हसला नाही. शेवटच्या बाकावरचा तो मुलगा खिडकीबाहेर बघत होता. जानेवारीपासून त्याची आणि माझी न बोलता कट्टी होती. चूक माझीच होती. ती काय, ते पुढं सांगते. आधी साबाला तर जाऊ या!

बालमित्रांनो, घरात जगाचा नकाशा असेल तर काढा. उत्तर आणि दक्षिण अमेरिका यांच्या मधोमध समुद्रात बेटांची एक कमान दिसेल. हा कॅरिबियन समुद्र आणि ही वेस्ट इंडीजची बेटं. होय, तेच क्रिकेटवाले वेस्ट इंडीज! या कमानीतलं सेंट मार्टिन बेट शोधा. त्याच्या नैर्ऋत्येला सुमारे ४५ किलोमीटरवर बारीक टिंबाएवढं एक बेट आहे. तेच साबा. बऱ्याच नकाशांत तेवढं टिंबसुद्धा नसतं! क्षेत्रफळ अवघं १३ चौरस किलोमीटर आणि वस्ती साधारण दोन हजार. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम खेड्याएवढीच माणसं म्हणा ना!

माझी मावसबहीण सेंट मार्टिनला राहते. तिथल्या फिलिप्सबर्ग या गावात भारतीय व्यापाऱ्यांची बरीच दुकानं आहेत. अशाच एका दुकानात भावजी हिशेबाचं काम बघतात. "एकदा तरी ये गं," असं ताई कितीतरी वर्षं म्हणत होती. शेवटी तिकिटाचे पैसे साठवले आणि मी नि माझा अकरा वर्षांचा मुलगा मुंबईहून निघालो, ॲमस्टरडॅममार्गे सेंट मार्टिनला पोहोचलो. तिथं दोन दिवस राहिल्यावर ताई म्हणाली, "तुम्हाला खरी विश्रांती हवी ना? मग चला साबाला."

वाळूच नाही!

आमचे चिरंजीव घरून दोन बादल्या आणि एक छोटं फावडं घेऊन निघाले होते. बेटावर जायचं म्हणजे वाळूत किल्ला करायचा, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. विमानातून साबा दिसलं आणि स्वारीचा चेहरा पडला. किनारा कुठंच नाही! समुद्रातून एकदम वर आलेला काळा कडा, त्यावर हिरवागार डोंगर आणि डोंगराच्या डोक्यावर ढगाची टोपी. साबा म्हणजे खरं तर समुद्रातून डोकं वर काढलेला ज्वालामुखी आहे.

विमान जेमतेम एकोणीस माणसांचं. उड्डाण पाऊण तासाचंही नाही, पंधरा मिनिटांचंच. पण उतरताना मी डोळे घट्ट मिटून घेतले. कारण साबाची धावपट्टी फक्त ४०० मीटर लांब आहे. शर्यतीच्या मोठ्या मैदानाची एक फेरी असते ना, तेवढीच! दोन्ही टोकांना कडा आणि खाली समुद्र. मोठी जेट विमानं इथं उतरूच शकत नाहीत. १९५९ मध्ये रेमी द हॅनन नावाच्या वैमानिकाने इथली थोडी सपाट जागा हेरली. लोकांनी हातांनी धोंडे वेचून ती मोकळी केली आणि त्याने तिथं पहिलं विमान उतरवून दाखवलं. रीतसर विमानतळ झाला तो १९६३ साली.

चाकं टेकली, खर्रकन ब्रेक लागले आणि विमान उभं राहिलं. मी डोळे उघडले. चिरंजीव टाळ्या वाजवत होते. बादल्यांचं दुःख तेवढ्यापुरतं विसरलं होतं.

काही न करण्याची मजा

विमानतळावरून टॅक्सी निघाली ती सरळ चढालाच लागली. एकामागून एक वळणं! आपल्या घाटात असतात तशीच, पण रस्ता अगदी अरुंद आणि बाजूला दगडी कठडा. वाटेत 'हेल्स गेट' म्हणजे 'नरकाचं दार' नावाचं गाव लागलं. गाव मात्र इतकं टुमदार की नरकवासीयांचा हेवा वाटावा! आता त्याला 'झायन्स हिल' असंही म्हणतात. टॅक्सीवाले काका समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करत होते. चिरंजीवांनी विचारलं, "सगळे तुमच्या ओळखीचे आहेत?" काका हसून म्हणाले, "इथं अनोळखी कोण असणार?"

आम्ही विंडवर्डसाइड नावाच्या गावात एक छोटं घर भाड्याने घेतलं होतं. साबावरची जवळजवळ सगळी घरं सारखीच दिसतात. पांढऱ्या भिंती, लाल छपरं आणि खिडक्यांना हिरव्या कडा. जणू एकाच मुलाने एकाच रंगपेटीतून सगळं गाव रंगवलंय!

पहिल्या दिवशी आम्ही काय केलं? काही नाही. ओट्यावर बसलो. ढग खाली उतरून अंगणातून चालत गेला, तो बघितला. घरून नेलेल्या भाजणीची थालीपिठं लावली. सकाळचे सात वाजले होते तेव्हा आजीला फोन केला, तर तिच्याकडे दुपारचे साडेचार झाले होते आणि ती चहा टाकत होती. साबाचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागं असतं ना!

रात्री दिवे मालवले आणि बाहेर 'टिवटिव, टिवटिव' असा गजर सुरू झाला. चिरंजीव घाबरून माझ्या पांघरुणात शिरले. सकाळी घरमालकीणबाईंनी सांगितलं, "ते झाडावरचे बेडूक. नखाएवढे असतात, पण आवाज बघा केवढा!"

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. साबावर एकही नदी नाही, ओढा नाही. मग पाणी कुठून येतं? छपरावर पडणारा पाऊस पन्हाळीतून घराच्या टाकीत जातो. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी हेच पाणी वापरलं. "नळ उगाच सोडू नका हं," एवढंच त्या म्हणाल्या. घरी पाणी वाया घालवू नये म्हणून मी रोज ओरडते, त्याचा उपयोग शून्य. इथं मात्र चिरंजीव एका तांब्यात दात घासू लागले. आपलं पाणी आपल्याच डोक्यावरच्या छपरातून येतंय, हे डोळ्यांनी दिसलं ना!

तरीही दुसऱ्या दिवशी दुपारी तक्रार आलीच. "आई, इथं बघायचं काय?" मी म्हटलं, "काही नाही. तूच शोध." तासाभराने साहेब धावत आले. कुंपणावर ठिपक्यांचा सरडा सापडला होता. हा साबा ॲनोल नावाचा सरडा जगात फक्त या एवढ्याशा बेटावरच आढळतो, बरं का! पुढचे दोन दिवस किती सरडे दिसले, याची नोंद वहीत होत होती. दूरदर्शन संच घरात होता, पण तो लावायची आठवणच कुणाला झाली नाही.

आणि गंमत म्हणजे वाळूसुद्धा सापडली! वेल्स बे नावाच्या जागी साबाचा 'पाहुणा किनारा' आहे. वर्षातले काही महिने लाटा तिथं वाळू आणून टाकतात आणि मग कधीतरी सगळी वाळू परत घेऊन जातात. आम्ही गेलो तेव्हा पाहुणे घरी होते. किल्ला झाला. फावडं नेल्याचं सार्थक झालं.

हॉलंडचा सर्वांत उंच डोंगर

हॉलंड किंवा नेदरलँड्स म्हणजे समुद्राला बांध घालून राहणारा सपाट देश, असं आपण भूगोलात शिकतो. मग त्या देशाचं सर्वांत उंच शिखर कुठं असेल? इथं साबावर! साबा २०१० पासून नेदरलँड्सची खास नगरपालिका आहे. इथल्या माउंट सीनरी या डोंगराची उंची ८८७ मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे साबाचा डोंगर तिच्या अर्ध्याहून थोडासाच जास्त. पण चढायला १०६४ पायऱ्या आहेत, हे ऐकून आधी ताईचेच पाय दुखू लागले.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघालो. जसजसं वर जावं तसतशी हवा ओली आणि गार. झाडांच्या फांद्यांवर शेवाळाच्या झालरी. वाटेत अळूसारखी पानं, पण केवढी! एकेका पानाखाली एक मूल उभं राहील. ताई म्हणाली, "एका पानात अख्ख्या वाड्याच्या अळूवड्या होतील गं!" माथ्यावर पोहोचलो तेव्हा ढगाशिवाय काहीच दिसेना. आम्ही तिथंच पायरीवर बसून लाडू खाल्ले. दहा मिनिटांनी ढग फाटला आणि खाली लाल छपरं, त्याखाली निळा समुद्र आणि डोंगराला दोरीसारखा गुंडाळलेला तो रस्ता दिसला.

"आई, एवढा रस्ता कुणी बांधला?" चिरंजीवांनी विचारलं. मला उत्तर माहीत नव्हतं. संध्याकाळी टॅक्सीवाल्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "उद्या दाखवतो. आधी रस्ता नव्हता तेव्हा काय होतं, ते बघा."

आठशे पायऱ्या

साबाच्या राजधानीचं नाव 'द बॉटम', म्हणजे 'तळ'. हा तळ समुद्रापासून सुमारे अडीचशे मीटर उंच आहे! वाडग्याच्या अर्थाच्या एका जुन्या डच शब्दावरून हे नाव पडलं, असं सांगतात. गावही डोंगरांच्या मध्ये वाडग्यासारखंच बसलंय. तिथून एक वाट खाली समुद्राकडे उतरते. तिला 'लॅडर' म्हणजे 'शिडी' म्हणतात. खडकात खोदलेल्या आठशे पायऱ्या.

पूर्वी साबावर जे काही यायचं ते या पायऱ्यांवरून, माणसांच्या डोक्यावरून. पिठाची पोती, लाकूड, कपाटं, एवढंच काय, पियानोसुद्धा! होडी खडकाशी येणार, माणसं कमरेइतक्या पाण्यात उभी राहून सामान झेलणार आणि मग आठशे पायऱ्या चढणार. आजारी माणसाला न्यायचं तरी हीच तऱ्हा. आम्ही हात हलवत उतरलो नि चढलो, तरी धापा टाकत होतो. चिरंजीव मध्येच थांबून म्हणाले, "डोक्यावर पियानो घेऊन?" आणि पुढचा रस्ता गप्पच चालले.

मग काकांनी गाडीत बसवलं आणि सांगायला सुरुवात केली.

रस्ता करावा, असं साबाच्या लोकांना फार वाटे. पण हॉलंडच्या इंजिनिअरांनी हे उभे कडे पाहिले आणि सांगितलं, इथं रस्ता होणं शक्य नाही. ते शिकलेले लोक होते. त्यांना उतार मोजता येत होता. बाकीच्यांनी मान डोलावली.

एकाने मात्र डोलावली नाही. त्याचं नाव जोसेफस लँबर्ट हॅसेल. तो इंजिनिअर नव्हता. साबावर इंजिनिअरिंगचं कॉलेज कुठून असणार? मग त्याने काय केलं असेल? त्याने पोस्टाने शिक्षण घेतलं! स्थापत्यशास्त्राचे धडे पत्राने मागवायचे, घरी बसून सोडवायचे नि पुन्हा पोस्टात टाकायचे. ती पाकिटं बोटीने यायची आणि तशीच डोंगर चढून त्याच्या घरी पोहोचायची. रस्ता कसा बांधायचा याचं ज्ञानसुद्धा, रस्ता नसल्यामुळे, पायीच वर आलं!

१९३८ साली काम सुरू झालं. मोठी यंत्रं नव्हती. फावडी, पहारी, हातगाड्या आणि गावची माणसं. एकेक दगड हातांनी बसवला. बंदरापासून द बॉटमपर्यंतचा पहिला तुकडा पुरा व्हायला पाच वर्षं लागली. १९४३ मध्ये तो झाला तेव्हा त्यावरून पळायला बेटावर एकही मोटार नव्हती! पहिली जीप आली १९४७ साली. काम पुढं चालूच राहिलं. विंडवर्डसाइड, मग हेल्स गेट. १९५८ साल उजाडलं तेव्हा सगळा रस्ता तयार होता. वीस वर्षं लागली.

"आम्ही याला फक्त 'रोड' म्हणतो," काका म्हणाले. "दुसरा आहेच कुठं? पण बाहेरचे लोक म्हणतात, 'बांधता न येणारा रस्ता'." आणि बोलता बोलता त्यांनी समोरच्या गाडीला हात केला.

बालमित्रांनो, तीन दिवस मी ज्या निवांतपणाचं कौतुक करत होते तो या रस्त्यावरून वर आला होता. मी ओट्यावर बसून चहा प्यायले, पण त्या चहाची साखर डोक्यावर घेऊन कुणाला आठशे पायऱ्या चढाव्या लागल्या नव्हत्या.

माझी चूक

गाडीत बसल्या बसल्या मला शेवटच्या बाकावरचा तो मुलगा आठवला.

जानेवारीत शाळेचं प्रदर्शन होतं. तो माझ्याकडे एक चित्र घेऊन आला होता. पुठ्ठा, दोरा आणि शिवणकामाची रिकामी रिळं वापरून त्याला पूल करायचा होता. होडी आली की दोन्ही बाजूंनी वर उचलला जाणारा. मी चित्र बघितलं न बघितलं आणि म्हटलं, "हे तुला नाही जमायचं. तू आपला 'पाण्याचे उपयोग' हा तक्ता कर." त्याने तक्ता केला. अगदी सुबक केला. पण त्यानंतर एकदाही त्याने वर्गात हात वर केला नाही.

मीसुद्धा शिकलेली होते ना! मलाही उतार मोजता येत होता.

शेवटच्या दिवशी आम्ही विंडवर्डसाइडचं छोटं वस्तुसंग्रहालय बघायला गेलो. एका जहाजाच्या कप्तानाचं ते जुनं घर. साबाचे पुरुष पूर्वी खलाशी म्हणून वर्षानुवर्षं समुद्रावर असत आणि घर बायका सांभाळत. या बायका साबाची लेस विणत. कापडातले काही धागे ओढून काढायचे आणि उरलेल्या धाग्यांवर सुईने नक्षी भरायची. मेरी गर्ट्रूड जॉनसन नावाच्या मुलीने ही कला १८७०च्या सुमारास व्हेनेझुएलातल्या कराकसच्या एका कॉन्व्हेंटात शिकून आणली आणि गावभर शिकवली. पण लेस विकायची कुणाला? तर १८८४ पासून बेटावर नियमित टपाल येऊ लागलं. बाहेरून येणाऱ्या मालावर अमेरिकेतल्या कंपन्यांचे पत्ते छापलेले असत. बायकांनी ते पत्ते उतरवून घेतले आणि सरळ पत्रं लिहिली. ऑर्डरी येऊ लागल्या! घर चालवायला पैसे येऊ लागले.

म्हणजे साबाच्या लेसला गिऱ्हाईक मिळालं ते पोस्टाने आणि रस्ता आला तोही पोस्टाने. मी ताईला म्हटलं, "मलाही एक पत्र टाकायचंय."

एक चित्राचं कार्ड घेतलं. त्यावर त्या रस्त्याचा फोटो होता. मागं लिहिलं, "हा रस्ता होणार नाही, असं शिकलेल्या लोकांनी सांगितलं होतं. ते चुकले. मीही चुकले. तुझा पूल करून बघशील का? तुझ्या बाई." पत्ता शाळेचा घातला आणि कार्ड पेटीत टाकलं. चिरंजीव म्हणाले, "आई, तू फोन का नाही करत त्याला?" मी म्हटलं, "काही गोष्टी सावकाश गेलेल्या बऱ्या."

सावकाश म्हणजे किती, ते मला ठाऊक नव्हतं. आम्ही परत आलो. जूनमध्ये शाळा उघडली. हीच मुलं आता पाचवीत आली होती आणि वर्ग माझ्याकडेच होता. तो शेवटच्या बाकावर बसला. मी काही बोलले नाही, रोज टपालाची वाट बघत राहिले. आठवडा गेला, दोन गेले. जुलैमधल्या एका पावसाळी दुपारी पोस्टमनकाका छत्री मिटत वर्गाच्या दारात उभे राहिले नि त्यांनी त्याचं नाव पुकारलं. वर्ग चिडीचूप! त्याने कार्ड हातात घेतलं, दोनदा वाचलं, फोटो बघितला आणि दप्तरात ठेवून दिलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

चार दिवसांनी मधल्या सुट्टीत तो टेबलाशी आला. हातात पुठ्ठा, दोरा आणि पाच रिकामी रिळं.

"बाई, एक बाजू उचलली जाते," तो म्हणाला. "दुसरी अडकते."

"मग?"

"मग काय? बघतो अजून."

पूल अजून पुरा झालेला नाही. दुसरी बाजू अर्ध्यावर येऊन अडकते. वर्गातली पोरं रोज नवा उपाय सुचवतात आणि तो त्यांना रोज सांगतो, की साबाच्या रस्त्याला वीस वर्षं लागली होती.